बॉडी क्लिनिंगचे दिवस: कॉस्टिक अंगावर उडाले तर पहिली २० मिनिटे काय करायचे?

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या गावाकडे लागल्या, की बाहेरच्या माणसाला वाटते आता पुढच्या दिवाळीपर्यंत कारखाना झोपला. गव्हाण रिकामी, चिमणीचा धूर बंद, वजनकाट्यावर ट्रॅक्टर नाही. पण गेटच्या आत दुसराच हंगाम सुरू झालेला असतो. तो असतो सफाईचा. रसाच्या टाक्या, पॅन, पाइप आणि सगळ्यात अवघड म्हणजे रस आटवणाऱ्या बाष्पक पात्रांची, कामगारांच्या भाषेत ‘बॉडी’ची, सफाई.

राज्यात दरवर्षी सुमारे २०० साखर कारखाने गाळप करतात आणि त्या प्रत्येकाला ही सफाई करावीच लागते. हंगाम चालू असतानाही ठरावीक दिवसांनी एक-एक बॉडी बंद करून धुतली जाते. या कामावर कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराकडून आलेली आसपासच्या गावांतली पोरं जास्त, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. कालपर्यंत शेतात पाणी धरणारा मुलगा आज कॉस्टिकच्या पिशव्या फोडत असतो. पिशवीत काय आहे, ते अंगावर पडले तर काय होते आणि पडल्यावर सगळ्यात आधी काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

या अपघातात एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची ठरते. डोळा वाचणार की जाणार, हात नीट वळणार की आखडणार, याचा मोठा हिस्सा दवाखान्यात नव्हे, तर अपघाताच्या जागीच पहिल्या काही मिनिटांत ठरतो. आणि तो ठरवणारे औषध महागडे नाही. ते आहे साधे, स्वच्छ, वाहते पाणी.

कॉस्टिक लागते कशाला?

घरच्या बंबात किंवा गिझरमध्ये काही महिन्यांनी पांढरा थर धरतो. क्षाराच्या पाण्याच्या गावात तर तो खरवडूनही निघत नाही. उसाच्या रसाचे तसेच आहे. रसात साखर आणि पाणी असतेच, शिवाय कॅल्शियमचे क्षार, सिलिका असे बरेच काही विरघळलेले असते. रस आटत गेला की हे पदार्थ बॉडीच्या पोटातल्या शेकडो नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकटतात. याला कारखान्यात ‘स्केल’ म्हणतात. स्केल जमली की वाफेची उष्णता रसापर्यंत नीट पोचत नाही, वाफ जास्त लागते आणि गाळपाचा वेग पडतो.

ही स्केल सैल करण्यासाठी कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पाण्यात कालवून बॉडीत भरतात आणि काही तास उकळतात. मग ते द्रावण पुन्हा टाकीत काढून घेतात, बॉडी पाण्याने धुतात आणि माणसे आत उतरून ब्रशने किंवा कटरने एकेक नळी साफ करतात. काही ठिकाणी कॉस्टिकनंतर सौम्य केलेले ॲसिडही फिरवतात.

अपघात नेमका कुठे होतो?

उकळी चालू असताना बॉडी बंद असते, त्यामुळे धोका त्या मानाने कमी असतो. धोका वाढतो तो आधी आणि नंतर, म्हणजे माणसाचा हात लागतो तिथे.

पहिली जागा म्हणजे द्रावण तयार करणे. कॉस्टिकच्या पांढऱ्या पापड्या पाण्यात पडल्या की स्वतःच प्रचंड उष्णता सोडतात. २५ किलोची एक पिशवी १०० लिटर पाण्यात एकदम ओतली, तर ते पाणी साधारण ५० ते ६० अंशांनी तापू शकते. म्हणजे ३० अंशाचे पाणी आग न लावता ८०-९० अंशांवर जाते. त्यातच पापड्या तळाशी साचल्या तर तिथले पाणी उकळून द्रावण थेट तोंडावर उसळते. म्हणून नियम एकच: थंड पाणी आधी घ्यायचे आणि त्यात कॉस्टिक थोडे थोडे टाकत हलवायचे. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचे नाही. ॲसिडलाही हाच नियम: पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही.

दुसरी जागा म्हणजे व्हॉल्व्ह, फ्लँज आणि मॅनहोल. ‘बॉडी रिकामी झाली’ असे समजून नट सैल केला जातो आणि पाइपच्या बाकात अडकलेले गरम द्रावण अंगावर येते. माणूस बहुतेक वेळा खाली उभा राहून वर बघत असतो, म्हणून मार बसतो तोंडाला, डोळ्यांना आणि मानेला.

तिसरी जागा म्हणजे पंप आणि रबरी नळी. क्लॅम्प नीट न आवळलेली नळी दाब आल्यावर निसटते आणि सापासारखी उडते.

चौथी जागा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे गमबूट. पँट बुटात खोचलेली असेल तर वरून ओघळलेले द्रावण सरळ बुटात उतरते आणि तिथेच साठते. माणूस तासभर तसाच काम करत राहतो. बूट काढला तेव्हा पायाची कातडी मोज्याबरोबर येते.

‘चुणचुणतंय फक्त’ हे वाक्य घात करते

उकळता चहा अंगावर सांडला तर माणूस त्या क्षणी ओरडतो. कॉस्टिकचे तसे नाही. विशेषतः थंड किंवा पातळ द्रावण लागले तर सुरुवातीला फक्त ओलसर, बुळबुळीत लागते. मग थोडे चुणचुणते. खरी आग नंतर सुरू होते आणि तोवर कॉस्टिक कातडीच्या खाली गेलेले असते.

तो बुळबुळीतपणा कशाचा? कॉस्टिक आणि तेल एकत्र केले की साबण तयार होतो. साबणाचा धंदा यावरच चालतो. अंगावर कॉस्टिक पडल्यावर तेच घडते, फक्त तेल आपल्या कातडीतले असते. बोटांना बुळबुळीत लागते ते अंगातल्या चरबीचा साबण होत असल्यामुळे.

ॲसिड आणि कॉस्टिक यांच्यातला फरकही इथेच आहे. बरीचशी ॲसिडे कातडीतली प्रथिने गोठवतात, त्यामुळे वर कडक खपलीसारखा थर तयार होतो आणि ॲसिडला खाली जायला थोडी अडचण होते. कॉस्टिक मात्र मांस विरघळवत जाते. त्याला अडवणारा थर तयार होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी किरकोळ दिसलेली जखम दोन दिवसांनी खोल निघते. ‘ॲसिड म्हणजे भयंकर, कॉस्टिक म्हणजे कपडे धुण्याच्या सोड्यासारखे काहीतरी’ हा समज कामावर फार ठिकाणी आढळतो. तो उलटा आहे. डोळ्याच्या बाबतीत तर कॉस्टिक बहुतेक ॲसिडांपेक्षा जास्त धोक्याचे.

डोळ्यात गेले तर घड्याळ लगेच सुरू होते

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडाल्याचे प्रकार गावोगावी माहीत आहेत. त्यात नजर गेलेली मुलेही आहेत. चुना आणि कॉस्टिक एकाच जातीचे, दोन्ही अल्कली. कॉस्टिक त्यात कितीतरी जास्त तेज.

अल्कली डोळ्याच्या काचेसारख्या पडद्यातून, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून, काही मिनिटांतच आत उतरते. एकदा आत गेले की ते बाहेर काढणे डॉक्टरांनाही अवघड. पडदा दुधासारखा पांढरा होतो. पुढे डोळ्यातला दाब वाढणे, मोतीबिंदू, पापणी डोळ्याला चिकटणे असे त्रास मागे लागू शकतात.

इथे आणखी एक फसगत होते. डोळा लाल झाला तर सगळे घाबरतात आणि पांढराफटक दिसला तर ‘बरा आहे’ असे समजतात. कॉस्टिक गेल्यानंतर डोळा पांढराफटक दिसणे हे उलट वाईट लक्षण असू शकते, कारण त्याचा अर्थ डोळ्याच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या जळाल्या असा होतो.

अपघात झाला तर काय करायचे?

पहिली गोष्ट, पळत सुटायचे नाही, साहेबाला शोधत बसायचे नाही, गाडीची वाट बघायची नाही. जवळच्या पाण्याकडे जायचे.

१. कोरडी पापडी किंवा कोरडा कळीचा चुना अंगावर असेल तर आधी हातमोजा घालून किंवा कोरड्या फडक्याने तो झटकायचा, मग पाणी. ओले द्रावण असेल तर थेट पाणी.

२. पाणी सुरू असतानाच कपडे काढायचे. लाजेपोटी पँट अंगावर ठेवली तर कॉस्टिकही अंगावरच राहते. बनियन किंवा टी-शर्ट डोक्यावरून ओढू नये, कारण ते तोंडावरून आणि डोळ्यांवरून फिरते. कात्रीने कापावे. बूट, मोजे, घड्याळ, अंगठी, कडे, करदोटा, ताईत, सगळे काढावे. त्यांच्या खाली द्रावण दडून बसते.

३. किमान २० मिनिटे वाहते पाणी चालू ठेवायचे. कॉस्टिक असेल तर त्याहून जास्त वेळ चांगले. बुळबुळीत लागते आहे तोवर तर थांबायचेच नाही. पाण्याची जोराची धार जखमेवर मारायची नाही, भरपूर पण सौम्य पाणी हवे.

४. डोळ्यात गेले असेल तर आधी डोळा. माणूस कळवळून डोळा घट्ट मिटतो, म्हणून दुसऱ्याने स्वच्छ हातांनी पापण्या उघड्या धरायच्या. डोके एका बाजूला कलते करून दुखावलेला डोळा खाली ठेवायचा आणि पाणी नाकाकडून कानाकडे वाहू द्यायचे, म्हणजे ते दुसऱ्या डोळ्यात जात नाही. बुबुळ वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगायचे. पापणीच्या आत पापडीचा कण अडकला असेल तर तो पाण्याच्या धारेनेच निघू द्यायचा, चोळायचे नाही. डोळ्यासाठी ३० मिनिटे धरून चालावे.

५. एकाने पाणी धरायचे, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. पाणी चालू असताना गाडी येऊ दे. गाडी लवकर आली म्हणून धुणे अर्धवट सोडायचे नाही. डोळ्याच्या बाबतीत दवाखान्यात पोचेपर्यंत वाटेतही बाटलीने पाणी सोडत राहायचे.

६. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. ओघळणारे पाणी त्याच्याही अंगावर येते.

७. धुऊन झाल्यावर जखम स्वच्छ, सुक्या कापडाने सैल झाकायची. फोड फोडायचे नाहीत.

८. कॉस्टिकच्या पिशवीवरचे लेबल किंवा त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरला दाखवायचा. ‘केमिकल उडाले’ एवढे सांगून पुरत नाही. कॉस्टिक होते, ॲसिड होते की दोन्ही, गरम होते की थंड, किती मिनिटे धुतले, हे सांगायचे.

लिंबू, ताक, टूथपेस्ट: यातले काहीही नको

‘कॉस्टिक आहे तर त्यावर लिंबू पिळा, आंबट लावा, बसून जाईल’ हा सल्ला ऐकायला शास्त्रीय वाटतो. शाळेत शिकलेलेच असते की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. अडचण अशी की ते एकमेकांना मारताना उष्णता निघते आणि किती आंबट पुरेल याचा हिशोब जखमेवर कोणी करू शकत नाही. शिवाय लिंबू शोधण्यात जी दोन मिनिटे जातात तीच खरी मौल्यवान असतात. तसेच ॲसिड पडले म्हणून त्यावर खाण्याचा सोडा चोळणेही चुकीचे.

हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावले तर कॉस्टिक खाली कोंडले जाते आणि दवाखान्यात डॉक्टरला आधी ते खरवडून काढावे लागते. दुखणाऱ्या माणसाला त्याचा वेगळा त्रास. डोळ्यात दूध, मध, गुलाबपाणी किंवा घरात पडलेले जुने ड्रॉप घालू नयेत. पाणी, पाणी आणि पाणी.

एक बादली का पुरत नाही?

अनेक ठिकाणी ‘पाण्याची सोय आहे’ म्हणजे शेजारी एक बादली भरून ठेवलेली असते. जरा हिशोब करून बघू. औद्योगिक सुरक्षेच्या प्रचलित मानकाप्रमाणे आपत्कालीन शॉवरमधून मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी यावे आणि ते किमान १५ मिनिटे चालावे. म्हणजे एका माणसासाठी ११०० लिटरांहून जास्त पाणी झाले. २० मिनिटे धरली तर १५०० लिटर. २० लिटरच्या बादल्यांनी मोजले तर ७५ बादल्या. भारतीय मानक ब्युरोनेही अशा शॉवर आणि डोळे धुण्याच्या नळांसाठी आयएस १०५९२ हे वेगळे मानक काढलेले आहे.

या शॉवरपर्यंत माणसाला साधारण १० सेकंदांत पोचता आले पाहिजे, असा संकेत आहे. डोळ्यांना काही दिसत नसलेला माणूस १० सेकंदांत किती जाईल? दहा-पंधरा पावले. मध्ये जिना नको, अडगळ नको. म्हणजे ऑफिसजवळचा नळ उपयोगाचा नाही. बॉडीच्या प्लॅटफॉर्मवर, कॉस्टिक टाकीशेजारी पाणी हवे.

पक्का शॉवर बसवायला वेळ लागत असेल तर तोवर १५०० लिटरची टाकी उंचावर ठेवून मोठ्या नळाला शॉवर जोडता येतो. खर्च फार नाही. फक्त दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, उन्हाळ्यात उघड्यावरच्या पाइपमधले पाणी स्वतःच इतके तापते की डोळ्यावर धरवत नाही, म्हणून टाकी आणि पाइप सावलीत हवेत. दोन, नळ रोज सकाळी काम सुरू करण्याआधी उघडून बघायचा. गंजलेला, वर्षभर न उघडलेला शॉवर नेमक्या वेळी तांबडे पाणी सोडतो किंवा काहीच सोडत नाही.

आत उतरण्याआधी

बॉडीच्या आत उतरणे हा वेगळाच धोका. कॉस्टिक आणि उरलेली साखर यांची बंद पात्रात गाठ पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होऊ शकतो. त्याला ना रंग ना वास. कॉस्टिकला ॲल्युमिनियमही चालत नाही. ॲल्युमिनियमची बादली किंवा शिडी त्यात गेली तर पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

बंदिस्त जागेत उतरण्याबाबतचे नियम १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेले आहेत. आतली हवा सुरक्षित असल्याचे जाणकार व्यक्तीने तपासून लेखी द्यायचे. नाही तर आत जाणाऱ्याला श्वसनाचे उपकरण द्यायचे आणि कमरेला पट्टा बांधून दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात ठेवायचे. आत न्यायचा विजेचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको. बाहेरचा माणूस चहाला गेला तर आतल्याने वर यायचे.

आत येणारी वाफेची, रसाची आणि कॉस्टिकची प्रत्येक लाइन नुसती व्हॉल्व्हने बंद करून भागत नाही. तिथे ब्लँक प्लेट टाकावी किंवा कुलूप लावून त्याची किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात असावी. ड्रेनमधून आलेल्या धुण्याच्या पाण्याला पीएच कागद लावून बघायचा. कागद गडद निळा-जांभळा झाला तर बॉडी अजून धुतलेली नाही. हा कागद स्वस्तात मिळतो आणि अंदाजापेक्षा खरे सांगतो.

अंगावरच्या साधनांचेही तसेच. कापडी हातमोजे कॉस्टिक शोषून घेतात आणि धरून ठेवतात, ते नसलेले बरे. रबरी किंवा पीव्हीसीचे, कोपरापर्यंतचे हातमोजे हवेत. साधा चष्मा किंवा वेल्डिंगचा गॉगल चालत नाही. चारही बाजूंनी चेहऱ्याला बसणारा केमिकल गॉगल आणि त्यावर फेस शील्ड हवे. रबरी ॲप्रन हवा आणि पँट बुटाच्या बाहेर, बुटावरून खाली सोडलेली हवी.

फक्त साखर कारखाना नाही

ऊस नसलेल्या गावांतही हा धोका आहेच. दूध संकलन केंद्रांतले बल्क कूलर, डेअरीतले पाश्चरायझर आणि पाइप रोज गरम कॉस्टिकने आणि अधूनमधून नायट्रिक ॲसिडने धुतले जातात. डेअरीत द्रावण पातळ असते, पण ज्या कॅनमधून ते मोजून घेतात त्यातले मूळ रसायन तेज असते आणि अपघात बहुधा ते ओतताना होतो. नायट्रिक ॲसिड लागले की कातडी पिवळी पडते. छोट्या केंद्रावर हे काम एकटाच माणूस पहाटे करतो, हाक मारली तर यायलाही कोणी नसते. तिथे निदान नळाला जोडलेली नळी हाताशी असावी आणि गॉगल खुंटीवर नाही, डोळ्यांवर असावा. ॲसिड असलेले क्लीनर आणि ब्लीच एकत्र तर कधीच करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

भरपाई कोणाकडे मागायची?

अपघातानंतर घरच्यांना पहिले उत्तर मिळते ते ठरलेले असते: ‘तो आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे.’ ठेकेदार म्हणतो, ‘तो रोजंदारीवर होता, त्याचे कुठे नाव नाही.’ कायदा काय म्हणतो ते म्हणून माहीत हवे.

साखर कारखान्यातल्या अनेकांना वाटते की ईएसआय सगळे बघेल. पण ईएसआय हंगामी कारखान्यांना लागू होत नाही आणि हंगामी कारखान्याच्या कायद्यातल्या व्याख्येत साखरेचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून फक्त साखर करणाऱ्या कारखान्यातल्या माणसाचा आधार म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा. त्यातल्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेल्या आहेत.

कामामुळे आणि काम करताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे त्याचे मूळ सूत्र. माणूस ठेकेदाराकडचा असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. त्याने आधी पैसे द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. रोजंदारीवरचा मजूरही यात येतो. कामगाराच्या हातून चूक झाली, तो बेसावध होता, एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही.

उपचारांचा प्रत्यक्ष झालेला खर्च भरपाईपेक्षा वेगळा मिळतो. काही दिवस काम बंद पडले तर त्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम देण्याची तरतूद आहे. अपंगत्व कायमचे असेल तर हिशोब वय आणि पगारावर होतो. समजा ३० वर्षांच्या कामगाराच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा डोळा चांगला आहे. कायद्याच्या परिशिष्टात याला ३० टक्के कमाईक्षमता गमावली असे धरतात. २०२० पासून हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, त्याला ३० वर्षांच्या वयासाठीचा २०७.९८ हा आकडा गुणायचा आणि आलेल्या रकमेचे ३० टक्के काढायचे. ही रक्कम ५,६१,५४६ रुपये होते. ‘वीस-पंचवीस हजार घे आणि सही कर’ असे सांगणाऱ्यासमोर हा आकडा माहीत असलेला बरा.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. त्यासाठी कागद जमवायला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी. दवाखान्यात ‘घरी भाजले’ असे लिहू देऊ नये. कामावर, कोणत्या ठिकाणी, कोणत्या रसायनाने भाजले ते केसपेपरवर लिहून घ्यावे. गेटपास, हजेरीचा फोटो, मजुरी खात्यावर आल्याची नोंद, सोबतच्या दोघा-तिघांची नावे जपून ठेवावीत. जखमी माणूस ४८ तासांहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघाताची माहिती कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायची असते. ती कळवली का, हे लेखी विचारता येते. पुढची चौकशी जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात करावी. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. मोफत कायदेशीर मदतीच्या १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराचा वेगळा उल्लेख आहे.

काम सुरू करण्याआधी एकच प्रश्न

वरचे सगळे नियम लक्षात राहणार नाहीत. नव्याने कामाला लागलेल्या पोराला पीएच, फ्लँज आणि कायद्याची कलमे कळायला वेळ लागेल. पण एक प्रश्न कोणीही विचारू शकतो. पिशवी फोडण्याआधी, नट सैल करण्याआधी मुकादमाला विचारायचे: ‘पाणी कुठंय?’

उत्तर ‘तिकडे ऑफिसजवळ आहे’ असे आले तर काम थांबवायचे. उत्तर ‘हे काय, इथंच’ असे आले तर स्वतः जाऊन नळ उघडून बघायचा आणि तिथून आपल्या कामाच्या जागेपर्यंत डोळे मिटून चालता येते का, हेही बघायचे. पाणी आलं, वाट मोकळी असली, तरच पिशवी फोडायची.